घराचे हप्ते थकलेत? नोटीस ते लिलाव, सोलापूरकरांनी काय करायचं (आणि सरकारनं काय करायला पाहिजे)

सगळ्यात आधी एक सांगतो, नोटीस आली तर ती घ्या. आपल्याकडं प्रत्येक गल्लीत एक तरी सल्ला देणारा असतो, "पोस्टमन आला की घरात कुणी नाही म्हणून सांगा, सही केली नाही तर बँक काय करणार?" हे ऐकून लोकांची घरं गेलेली मी बघितलीत. कायद्यात नोटीस दारावर चिकटवायची सोय आहे, पेपरात छापायची सोय आहे, आणि ते केलं की तुम्हाला नोटीस मिळालीच असं धरलं जातं. म्हणजे मुदतीचे दिवस चालू होतात आणि आत काय लिहिलंय ते फक्त तुम्हालाच माहीत नसतं.

मी वकील नाही. एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत, आता लोकांना अर्ज लिहून द्यायचं काम करतो, त्यात विडी घरकुलकडचे लोक असतात, अशोक चौकातले असतात, जुळे सोलापूरात फ्लॅट घेतलेले पगारदारही असतात. कारणं जवळपास तीच तीच. लूम बंद पडला, टॉवेलच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या, घरात मोठं आजारपण आलं, कमावता माणूस गेला, नाहीतर दुकानाला घातलेला पैसा अडकला. मुद्दाम हप्ता बुडवणारा माणूस या टेबलावर क्वचित येतो, त्याला अर्ज लिहायची गरजच नसते, त्याचे वकील असतात.

पहिले ९० दिवस

घर वाचायचं असेल तर ते इथंच वाचतं, म्हणून हा भाग नीट वाचा.

हप्ता एक दिवस जरी उशीर झाला तरी बँकेच्या कॉम्प्युटरवर खात्याला खूण लागते. ३० दिवसापर्यंत एक गट, ३१ ते ६० दुसरा, ६१ ते ९० तिसरा, आणि ९० दिवसाच्या वर थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबात थकीत-बुडीत खातं. एनपीए झालं की सगळंच बदलतं. तोपर्यंत तुमच्याशी शाखेचा मॅनेजर बोलत असतो, नंतर फाईल वसुली विभागाकडं जाते आणि तिथल्या माणसाला तुमचं तोंडही माहीत नसतं. बरेच लोक काय करतात, तीन-चार हप्ते थकले की कुठनं तरी एक हप्ता भरतात आणि मिटलं म्हणून निवांत होतात. तसं होत नाही. एकदा एनपीए झालेलं खातं मागची सगळी थकबाकी आणि व्याज भरल्याशिवाय परत चांगल्यात येत नाही, रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय.

म्हणून हप्ता चुकणार असं दिसायला लागलं की चुकायच्या आधीच बँकेत जा. लाज वाटते, माहितीय. आपल्याकडं बँकेत जाऊन "जमत नाही" म्हणायचं म्हणजे सगळ्या पेठेत बोभाटा होईल असं वाटतं. पण मॅनेजरसमोर रोज असे लोक येतात, आणि आधी येणाऱ्याला जे देता येतं ते नंतर येणाऱ्याला बहुतेक ठिकाणी देताच येत नाही, कारण थकल्यावर तीच गोष्ट वरच्या ऑफिसच्या मंजुरीत अडकते.

जाताना काय न्यायचं? कर्जाचं स्टेटमेंट, सहा महिन्यांचं बँक पासबुक, उत्पन्न कमी झाल्याचा काहीतरी कागद (कारखान्याचं पत्र, पगारपत्रक, दवाखान्याची बिलं, मृत्यू दाखला, जे असेल ते), आणि एका कागदावर महिन्याचा हिशोब, किती येतात, किराणा किती, शाळा किती, औषध किती, आणि बँकेला किती देता येतात. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. "साहेब काहीतरी बघा" म्हणणाऱ्याला कुणी काही बघत नाही, "दहा हजार आठशे दर महिन्याच्या १० तारखेला नक्की भरतो" म्हणणाऱ्याशी बोलणं चालू होतं.

आता हाच आकडा कसा आला ते बघा. समजा १२ लाख बाकी आहेत, १२ वर्षं राहिलीत, व्याज ९ टक्के. हप्ता साधारण १३,६५० रुपये बसतो. मुदत वाढवून २० वर्षं केली तर तोच हप्ता साधारण १०,८०० वर येतो. महिन्याला अठ्ठावीसशेच्या वर सुटतात, ज्याच्या घरी पाळ्या कमी झाल्यात त्याला हे पुरेसं होऊ शकतं. पण याची किंमतही समजून घ्या, शेवटपर्यंत तसंच भरत बसलात तर एकूण व्याज सव्वासहा लाखाच्या आसपास जास्त जातं. म्हणून मुदत वाढवून घ्या आणि दिवस पालटले की जादा रक्कम मुद्दलात भरत जा, बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी भरल्याचा दंड लागत नाही.

अर्ज साधाच लिहा, मी असा लिहून देतो:

"मी आपल्या शाखेतून घरकर्ज घेतले असून खाते क्रमांक अमुक आहे. अमुक महिन्यापासून अमुक कारणामुळे माझे उत्पन्न कमी झाले आहे, त्याचा पुरावा सोबत जोडला आहे. सध्या मी दरमहा इतके रुपये नियमित भरू शकतो. तरी कर्जाची मुदत वाढवून हप्ता त्याप्रमाणे ठरवून मिळावा. हे घर माझे व माझ्या कुटुंबाचे राहते व एकमेव घर आहे. आपला निर्णय लेखी कळवावा."

दोन प्रती काढा, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय शाखेतनं बाहेर पडू नका. शिक्का देत नसतील तर तिथनं सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपून ठेवा आणि ईमेलही करा. मॅनेजर कितीही गोड बोलला, "होऊन जाईल हो मालक" म्हणाला, तरी कागद पाहिजे, कारण मॅनेजरची बदली होते आणि तुमची फाईल तिथंच राहते.

आणखी दोन ठिकाणी हात घालून बघा. एक म्हणजे विमा. कर्ज देताना बऱ्याच ठिकाणी कर्जदाराचा विमा उतरवलेला असतो, त्याचा प्रीमियम कर्जातनंच कापलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. नवरा गेल्यावर बायको कष्ट करून हप्ते भरत बसते आणि पॉलिसी कपाटात. मंजुरीपत्र आणि पहिलं स्टेटमेंट काढून बघा, विम्याच्या नावानं काही कापलंय का. दुसरं म्हणजे पीएफ, घरकर्ज फेडायला पीएफमधनं पैसे काढायची सोय आहे.

आणि एक करूच नका. हप्ता भरायला सावकाराकडनं, मोबाईलच्या ॲपवरनं किंवा भिशी आधी उचलून पैसे आणू नका. ९ टक्के वर्षाचं कर्ज फेडायला महिन्याला ५ टक्क्यानं पैसे आणायचे म्हणजे वर्षाला ६० टक्के झाले. घर तर जातंच आणि वर सावकार दारात येऊन बसतो.

६० दिवसाची नोटीस आली तर

एनपीएनंतर येते ती सरफेसी कायद्याची नोटीस, कलम १३(२) ची. २००२ चा कायदा आहे, त्यात बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊन विकता येतं. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही यावर बरीच वर्षं भांडण चाललं होतं, ते २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मिटवलं, आणि ते प्रकरणही आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचं होतं. लागू आहे असा निकाल लागला. म्हणून "आपली तर को-ऑपरेटिव्ह बँक आहे, ती काय करणार" या भ्रमात राहू नका.

नोटिशीत काय बघायचं? रक्कम कशी काढलीय, तुम्ही भरलेले पैसे धरलेत का, दंड किती लावलाय. दंडावर परत व्याज चढवायचं नाही, व्याजाच्या दरात मिसळूनही लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे, आणि २०२४ पासून तो लागू झालाय. मालमत्तेचा सिटी सर्व्हे नंबर, चतु:सीमा बरोबर आहेत का. आणि किती बाकी राहिलंय. कर्जाच्या मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्याच्या आत बाकी राहिली असेल तर या कायद्याखाली कारवाईच करता येत नाही, वीस वर्षं फेडून शेवटी शेवटी अडकलेल्या माणसानं हे आवर्जून बघावं. शेतजमिनीलाही हा कायदा लागत नाही. एनबीएफसीकडनं (बँक नसलेल्या वित्त कंपनीकडनं) कर्ज असेल तर २० लाखाच्या खालच्या कर्जाला त्या हा कायदा वापरू शकत नाहीत, हाऊसिंग फायनान्स कंपन्यांचं मात्र वेगळं आहे, त्यांना हे २० लाखाचं बंधन नाही.

या ६० दिवसात लेखी हरकत द्यायची. कलम १३(३अ). ती दिली की बँकेला १५ दिवसात कारणं लिहून उत्तर द्यावंच लागतं. हरकतीत शिव्याशाप नकोत, सरकारनं मोठ्या उद्योगपतींचं किती माफ केलं तेही नको. हिशोबातल्या चुका, तुमच्या अडचणीचं कारण, आणि पैसे भरायचा तुमचा प्रस्ताव, एवढंच. प्रस्तावासोबत थोडे तरी पैसे खात्यात भरलेले असतील तर पुढं ट्रिब्युनलमध्येही (कर्जवसुली न्यायाधिकरण, त्याचं खाली सांगतो) त्याचा उपयोग होतो.

ही नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता येत नाही, भाड्यानं करार करून देता येत नाही. आपल्या भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर करून टाकू असं कुणी सुचवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

ताबा

६० दिवस गेले की आधी बँक कागदावरचा ताबा घेते, म्हणजे दारावर नोटीस चिकटवते, फोटो काढते, दोन पेपरात जाहिरात देते, त्यातला एक मराठी. पेपरात नाव आलं की माणूस खचतो, पण तुम्ही अजून घरातच असता आणि इथनं ४५ दिवसात डीआरटीकडं, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो, कलम १७ खाली. सोलापूर जिल्ह्यासाठी ते पुण्यात आहे. हीच मोठी अडचण. विडी वळणाऱ्या बाईनं अडीचशे किलोमीटर जाऊन तारखा करायच्या म्हणजे रोज बुडवायचा, गाडीभाडं आणि वकिलाची फी वेगळी.

इथं एक सावध करतो, "इथल्याच दिवाणी कोर्टातनं स्टे आणून देतो" म्हणणारे भेटतील. या कायद्यातल्या विषयावर दिवाणी कोर्टाला मनाई आहे, कलम ३४. पैसे घेतील, दावा दाखल करतील, तोवर ४५ दिवस संपून जातील.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाई असेल तर उत्पन्न किती ते बघत नाहीत, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग माणसालाही तसंच, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखापर्यंत उत्पन्नाची मर्यादा आहे. ट्रिब्युनलच्या कामालाही मदत मागता येते. १५१०० नंबरवर फोन करूनही विचारता येतं. खूप लोकांना वाटतं हे फक्त सोडचिठ्ठी आणि फौजदारी केससाठी असतं, तसं नाही.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करते, कलम १४. मग तहसील ऑफिसचे लोक, पोलीस आणि बँकेची माणसं येऊन कुलूप लावतात. लोक इथं जागे होतात, पूनम गेटसमोर उपोषणाला बसतात, निवेदन देतात. त्यांचा राग मला समजतो, पण या टप्प्यावर कलेक्टर साहेबांना तुमचं भांडण ऐकून निकाल द्यायचा अधिकार कायद्यानं दिलेलाच नाही, ते बँकेचं प्रतिज्ञापत्र बघतात आणि आदेश काढतात. म्हणून ताकद तिथं घालवू नका, पुण्याच्या अर्जात घाला.

लिलाव, आणि त्याआधी स्वतः विकणं

घर वाचणारच नाही असं दिसत असेल तर मनावर दगड ठेवून स्वतः विका, बँकेच्या लेखी परवानगीनं. लिलावात घर बाजारभावानं जाताना मी फार कमी बघितलंय. कोण घेणार हो कुणाचं तरी आत राहणारं घर पूर्ण किमतीत. गिऱ्हाईक आणलं, त्याच्या बँकेनं तुमच्या बँकेला थेट पैसे दिले, राहिलेले तुमच्या हातात, सिबिलही तुलनेनं कमी खराब.

लिलावच होणार असेल तर बँकेनं मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडनं किंमत काढलेली पाहिजे, तुम्हाला ३० दिवसाची विक्रीची नोटीस दिलेली पाहिजे. राखीव किंमत फारच कमी धरली असेल तर शेजारच्या घरांची अलीकडची खरेदीखतं काढून लगेच लेखी हरकत द्या. पूर्ण पैसे भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध व्हायच्या आधीपर्यंतच असतो, सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये हे पक्कं केलंय. "लिलावाच्या दिवशी सकाळी पैसे घेऊन जाऊ" असा विचार करून नातेवाईकांकडनं गोळा करत बसाल आणि बँक नाही म्हणेल. लिलावात कर्जापेक्षा जास्त आले तर वरची रक्कम तुमची, मागून घ्या. कमी आले तर राहिलेल्यासाठी बँक तुमच्या आणि जामीनदाराच्या मागं येऊ शकते.

एकरकमी तडजोड, ओटीएस, ठरली तर बँकेच्या लेटरहेडवरचं मंजुरीपत्र हातात घ्या, पैसे फक्त कर्जखात्यात भरा, एजंटाच्या हातात एक रुपया रोख देऊ नका. सगळं फिटल्यावर नो ड्यूज घ्या आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरचा बोजा काढून घ्या, हे लोक विसरतात आणि दहा वर्षांनी मुलगा घर विकायला जातो तेव्हा बोंब होते. मूळ कागद ३० दिवसात परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, धमकी देऊ शकत नाहीत, शेजाऱ्यांसमोर अपमान करू शकत नाहीत. केलं तर रेकॉर्ड ठेवा, बँकेला लेखी तक्रार द्या, ३० दिवसात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, चौकशीला १४४४८ नंबर. हाऊसिंग फायनान्स कंपनी असेल तर तक्रार नॅशनल हाऊसिंग बँकेकडं. पण लोकपालाकडं तक्रार केली म्हणून लिलाव थांबत नाही, ते लक्षात ठेवा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर

हा भाग आपल्याकडं फार लागतो, कारण घरावर पतसंस्थेचा बोजा असलेले लोक भरपूर आहेत. पतसंस्था बँक नाही, तिला सरफेसी लागत नाही, तिचा रस्ता सहकार कायद्याच्या कलम १०१ चा. उपनिबंधक किंवा सहाय्यक निबंधकांकडं अर्ज होतो आणि तुम्हाला हजर राहायची नोटीस येते. त्या तारखेला जा! मी टेबलाच्या पलीकडनं बघितलंय, दहातले बरेच जण येतच नाहीत, मग एकतर्फी वसुली दाखला निघतो. त्यावर दाद मागायची तर आधी वसूल करायच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात, तेव्हा कुठं अर्ज दाखल करून घेतात. जे बोलायचं, हिशोब मागायचा, व्याजाचा दर मंजुरीपेक्षा जास्त लावलाय म्हणायचं, ते पहिल्या तारखेलाच लेखी द्या.

दाखला निघाला की वसुली अधिकारी कलम १५६ आणि नियम १०७ खाली मागणी नोटीस, जप्ती, लिलाव असा जातो. जामीनदाराच्या पगारातनंही कपात होते, आणि इथं मैत्री, नाती तुटतात. जामीनदारानं हे समजून घ्यावं की कायद्यात त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे, "आधी त्याचं घर विका मग माझ्याकडं या" असं म्हणता येत नाही.

बँक किंवा संस्था स्वतःच अडचणीत आली तर कर्ज बुडालं असंही समजू नका. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आपल्या इथल्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांची रांग सगळ्यांनी बघितली, पण परवाना गेला म्हणून कर्ज माफ होत नाही, अवसायक, म्हणजे बँक गुंडाळायला नेमलेला अधिकारी, येतो आणि तोच वसूल करतो.

आता सरकारचं

अर्ज लिहून देताना हा प्रश्न रोज निघतो, शेतकऱ्याचं माफ होतं मग आमच्या घराचं का नाही. आणि त्याच बाकावर बसलेला दुसरा म्हणतो, मी पोटाला चिमटा काढून हप्ते भरले, माझ्या टॅक्समधनं याचं घर का वाचवायचं.

दुसऱ्याचं म्हणणं मी हलकं समजत नाही. अमेरिकेत २००९ च्या फेब्रुवारीत ओबामा सरकारनं घरमालकांसाठी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली तेव्हा तिथं हाच आरडाओरडा झाला, शेजाऱ्याचा हप्ता मी का भरू. त्या योजनेत हप्ता उत्पन्नाच्या ३१ टक्क्यावर आणायचा होता, पण करायचं की नाही ते बँकांवर सोडलं, कागदपत्रं हरवत राहिली आणि ठरवलेल्या ३०-४० लाख कुटुंबांपेक्षा खूप कमी लोकांपर्यंत ती पोचली. त्याच देशात १९३३ च्या मंदीत सरकारनं एक महामंडळ काढून जवळपास १० लाख घरकर्जं स्वतःकडं घेतली आणि लांब मुदतीची करून दिली, ती माफ केली नाहीत, वसूल केली.

आपल्याकडंही माफीचा अनुभव आहे. २००८, २०१७, २०१९, शेतीच्या कर्जमाफ्या झाल्या, आणि शेवटी नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारापर्यंत प्रोत्साहन द्यावं लागलं कारण त्यांना फसल्यासारखं वाटत होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत मिळाली, आपल्या पूर्व भागात अर्ध्या लोकांनी ती माफी समजली, व्याज चालूच होतं, सरकारनं २ कोटीपर्यंतच्या कर्जावरचं फक्त व्याजावरचं व्याज भरलं.

माझं मत स्पष्ट आहे, घरकर्जाची सरसकट माफी नको. पण सरकारनं मध्ये पडू नये हे म्हणणंही मला पटत नाही, कारण सरकार आधीच मध्ये आहे. ताबा घ्यायला तहसीलदार कुणाचा, पोलीस कुणाचे? कोर्टाची पायरी न चढता घर विकायचा अधिकार बँकेला दिला कुणी? कुंभारीला २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं विडी कामगारांना मिळाली, २०२४ च्या १९ जानेवारीला रे नगरच्या ३० हजारांपैकी १५ हजार घरांच्या चाव्या पंतप्रधानांनी दिल्या, त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख प्रत्येक घरामागं आहेत. एवढा पैसा घालून जे घर उभं केलं ते एका आजारपणात लिलावात जाऊ द्यायचं आणि सरकारनं फक्त कुलूप लावायला यायचं, हे मला चुकीचं वाटतं.

मग करायचं काय? अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात २००८ पासून कोर्टानं एक पद्धत घातली, राहत्या घराचा लिलाव व्हायच्या आधी कर्जदार आणि बँक यांना समोरासमोर एका टेबलावर बसवायचं, सोबत समुपदेशक आणि मोफत वकील. पैसे सरकारचे फार जात नाहीत. आपल्याकडं हेच करता येईल. राहतं आणि एकच घर असेल, कर्ज ठरावीक मर्यादेच्या आत असेल, उत्पन्न गेल्याचा पुरावा असेल, तर कलम १४ चा आदेश निघण्याआधी सोलापुरातच विधी सेवा प्राधिकरणात एक सक्तीची बैठक. त्यात मुदतवाढ, काही महिने कमी हप्ता, नाहीतर सन्मानानं स्वतः विकायला वेळ, यातलं एक ठरवायचं. बँकेचंही नुकसान नाही, पडक्या भावानं लिलाव करण्यापेक्षा चालू हप्ता बरा. दोन-तीन घरं घेऊन भाड्यानं देणाऱ्याला यात बसवायचं नाही. आणि आजारपण किंवा मृत्यूच्या प्रकरणात सहा महिन्याचं व्याज सरकारनं भरलं तर माझ्या टॅक्समधनं ते जावं असं मला मनापासून वाटतं.

ही बैठक सक्तीची होईपर्यंत तुम्ही ती आपणहून मागू शकता. विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज द्या, बँकेला तिथनं नोटीस जाते, राष्ट्रीय लोकअदालतीत बऱ्याच बँका बसतात आणि तिथं जे ठरतं त्यावर अपील नसतं. म्हणून भरता येईल तेवढाच आकडा कबूल करा, बायकोशी, मुलाशी घरी बोलून जा. पण अर्ज दिला म्हणून डीआरटीचे ४५ दिवस थांबत नाहीत, दोन्हीकडं एकदम चाला.

कायदा केंद्राचा आहे, म्हणून सक्तीच्या बैठकीची मागणी खासदारांकडं लेखी द्या, आमदारांकडं देऊन फार होत नाही. जिल्ह्यात बँकांची जिल्हास्तरीय सल्लागार समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी, काम अग्रणी बँक बघते, तिची बैठक दर तिमाहीला होते. पूनम गेटसमोर बसण्याआधी त्या बैठकीत हा विषय घ्यावा म्हणून अर्ज द्या. एकट्यानं देऊ नका, आपल्या सोसायटीतले, कारखान्यातले ज्यांचे हप्ते थकलेत त्या सगळ्यांनी मिळून द्या, प्रत्येकाचं खातं, बाकी रक्कम, थकल्याचं कारण आणि महिन्याला किती भरता येतील हे चार रकाने करून जोडा. आवक नंबर घ्यायचा.